जीभ टाळूला का लावायची? एका छोट्या सूचनेवर संशोधन करायचं झालं तर

वाचता वाचता एक करून बघा. ‘न’ म्हणायच्या तयारीत या आणि आवाज काढायच्या आधीच थांबा. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीपाशी हलकेच टेकलेलं. आता नाकाने श्वास घ्या.

चीगोंग किंवा ताई चीच्या वर्गात पहिल्याच काही दिवसांत जी सूचना मिळते ती साधारण हीच. कुंग फूच्या ज्या शाखा स्वतःला ‘आंतरिक’ म्हणवतात त्यांच्यातही ती आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुन लुतांग यांनी शिंगयी आणि बागुआ या पद्धतींवर पुस्तकं लिहिली, त्यांत उभं कसं राहायचं हे सांगताना जिभेची जागाही येते. शिकणारा विचारतो, ‘जीभ वर का लावायची?’ उत्तर येतं, ‘ऊर्जेचं वर्तुळ पूर्ण होतं.’ इथे बहुतेक जण दोन गटांत विभागले जातात. एका गटाला हे ऐकून भारी वाटतं, दुसऱ्याला हसू येतं. संशोधन करू पाहणाऱ्याने दोन्ही गटांत जायची घाई करू नये असं मला वाटतं, कारण या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत: काय करायचं ही सूचना, ती का करायची याचं स्पष्टीकरण, आणि केल्यावर काय होतं हा दावा. एक खरी ठरली म्हणून बाकीच्या दोन खऱ्या ठरत नाहीत. एक खोटी ठरली तरी तेच.

आधी स्पष्टीकरण बघू, कारण ते सुंदर आहे. चिनी वैद्यकात शरीरातल्या ‘ची’च्या मार्गांची एक व्यवस्था मानली आहे. त्यातला ‘दु’ हा मार्ग पाठीच्या कण्यावरून वर चढतो, डोक्यावरून पुढे येतो आणि वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला हिरडीपाशी संपतो. ‘रेन’ हा मार्ग शरीराच्या पुढच्या बाजूने वर येतो आणि खालच्या ओठाखाली थांबतो. म्हणजे तोंडापाशी एक फट राहिली. जीभ वर टेकवली की फट सांधते आणि ची मागून वर, पुढून खाली अशी फिरू शकते, असं ताओ परंपरेतल्या आंतरिक किमयेचे ग्रंथ मानतात. या सांध्याला ते मॅग्पाय पक्ष्यांचा पूल म्हणतात. (मॅग्पाय म्हणजे आपल्या टकाचोराच्या कुळातला, शेपटीवाला पक्षी.) नाव आलंय एका प्रेमकथेवरून: विणकर मुलगी आणि गुराखी यांच्यामध्ये आकाशगंगा पसरलेली, आणि वर्षातून एकदा, सातव्या चांद्रमासाच्या सातव्या दिवशी, मॅग्पाय पक्षी जमून पूल करतात. विणकर मुलगी म्हणजे आपला अभिजित तारा, गुराखी म्हणजे श्रवण. पावसाळा संपल्यावर रात्री डोकं वर केलंत तर दोन्ही दिसतील, मधल्या आकाशगंगेसकट. पक्षी मात्र नाहीत.

हे स्पष्टीकरण एका परंपरेचं शरीराचं चित्र आहे. ते तपासायला ईसीजीचं यंत्र घेऊन बसणं म्हणजे अलंकार मोजपट्टीने मोजणं. पण सूचनेचं तसं नाही. ती इतिहासात शोधता येते, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट हाती लागते.

सहाव्या शतकात झियी (५३८–५९७) या बौद्ध आचार्यांनी ध्यानाला बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शन लिहिलं. त्यात तोंड मिटावं, ओठ-दात जेमतेम टेकावेत आणि जीभ वर टाळूकडे न्यावी असं स्पष्ट आहे. ११०३ च्या सुमारास झोंगझे यांच्या छान मठाच्या नियमावलीत तेच. जपानमध्ये दोगेन यांनी १२२७ मध्ये झाझेनसाठी लिहिलेल्या सूचनांतही तेच. पण तिथे दु-रेन मार्ग जोडायचा विषयच नाही. शरीर स्थिर करायच्या यादीतली ती एक ओळ आहे: पाठ ताठ, खांदे सैल, जीभ वर. म्हणजे पुलाच्या कथेशिवायही सूचना छान चालत होती. दुसरीकडे तांग-सोंग काळात आंतरिक किमयेची परंपरा बहरली, तिने जिभेला पुलाचा अर्थ दिला.

आता १९५० च्या दशकात या. आज आपण ‘चीगोंग’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तो रुळवण्यात ल्यू ग्वेइझेन या कार्यकर्त्याचा मोठा वाटा. पोटाच्या अल्सरवर एका पारंपरिक श्वासपद्धतीने त्यांना गुण आला, मग हेबेइ प्रांतात त्यांनी सरकारी पाठबळावर तिचे उपचार सुरू केले आणि १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं. नव्या राजवटीला जुनी धार्मिक भाषा नको होती, त्यामुळे स्पष्टीकरण बदललं, आरोग्याचं झालं. त्यांच्या ‘नेइयांग गोंग’ पद्धतीत जीभ टाळूला चिकटून बसत नाही. श्वास घेताना ती वर जाते, सोडताना खाली येते, आणि मनात ‘मी शांत आहे’ अशा अर्थाचे शब्द चालू असतात. पुलाची कथा अक्षरशः घ्यायची तर हा पूल दर श्वासाला उघडतो आणि मिटतो! सूचनाही बदलली, कारणही बदललं, आणि लोकांना बरं वाटतच राहिलं. तुमच्या वहीत इथे एक प्रश्न टिपून ठेवा: मग बरं कशामुळे वाटत होतं?

आपल्याकडचं साहित्य विसरू नका. मज्झिम निकायातल्या विसाव्या सुत्तात, वितक्कसंठान सुत्तात, वाईट विचार घालवायचे पाच उपाय दिले आहेत. त्यातला शेवटचा: दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनानेच मनाला दडपायचं. छत्तिसाव्या महासच्चक सुत्तात बुद्ध सांगतात की ज्ञानप्राप्तीच्या आधी त्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. काखांतून घाम वाहू लागला, शरीर तापलं आणि थकलं. म्हणजे एकाच संग्रहात तीच कृती एकीकडे उपाय आहे आणि दुसरीकडे न फळलेलं तप. शिवाय इथे जीभ दाबायची आहे, चीगोंगमध्ये नुसती टेकवायची. ‘जीभ टाळूला’ हे दोन्हीकडे आहे म्हणून ते एकच तंत्र, असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्याच फेरीत पकडतील.

हाच इशारा खेचरी मुद्रेबाबत. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्या मराठी माणसाला कुंडलिनी, कणा, वर चढणारी शक्ती हे सगळं ओळखीचं असतं, आणि दु मार्गाचं वर्णन वाचताच तो म्हणतो, ‘अरे, हे तर आपलंच!’ साम्य आहे, नाकारायचं कारण नाही. पण हठयोगातल्या खेचरीत जीभ मागे वळवून मऊ टाळूच्या वर, नाकामागच्या पोकळीत न्यायची असते. काही ग्रंथांत त्यासाठी जिभेखालचा पडदा थोडा थोडा कापायला सांगितलं आहे. या विषयावर जेम्स मॅलिन्सन यांनी ऑक्सफर्डला पीएचडी केली, ‘खेचरीविद्या’ या ग्रंथाची त्यांची चिकित्सक आवृत्ती २००७ मध्ये आली. ती वाचली की कळतं, एका शब्दामागे किती हस्तलिखितं उलटावी लागतात. आणि हो, कापाकापीचा प्रयोग घरी करू नका. लाजिरवाणं वाटेल म्हणून डॉक्टरांकडे उशिरा जाण्यासारखी ती जखम असते.

आता दाव्यांकडे. इथे मोजमाप करता येतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

सगळ्यात छान कोडं लाळेचं आहे. चीगोंगवाले म्हणतात, जीभ वर लावली की लाळ सुटते. ती अमृतासारखी मानतात, तोंडात घोळवतात आणि तीन घोटांत गिळतात. बसून करायच्या बादुआनजिन या आठ हालचालींच्या संचात तर जीभ तोंडात फिरवून लाळ जमवणं ही स्वतंत्र पायरी आहे. झेनचे आजचे शिक्षक मात्र बरेचदा उलटं सांगतात: जीभ टाळूला चिकटवून तोंडातली हवा काढून टाकली की लाळ कमी सुटते आणि सारखा आवंढा गिळावा लागत नाही. कृती जवळजवळ तीच, दावे विरुद्ध. संशोधकासाठी ही मेजवानी आहे, कारण दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असायला जागा कमी आहे.

कमी आहे म्हटलं, नाहीच असं नाही. विचार करा. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते. तोंडात काही हललं, घासलं, की ग्रंथी वेग वाढवतात. बादुआनजिनमध्ये जीभ फिरते, म्हणून लाळ वाढणारच. झाझेनमध्ये ती गप्प बसते. शिवाय आवंढा गिळताना काय होतं बघा: जीभ टाळूवर दाबली जाते आणि घास मागे ढकलते. खरं वाटत नसेल तर तोंड उघडं ठेवून, जीभ खाली ठेवून गिळून बघा, किती धडपड होते. जीभ आधीच वर असेल तर अर्धी हालचाल झालेलीच असते, गिळणं लक्षातही येत नाही. म्हणजे ‘लाळ कमी झाली’ असं वाटणं आणि लाळ खरोखर कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात तिसरी भर: लाळेकडे लक्ष द्या म्हटलं की माणूस जास्त गिळतो. तुम्हीही गेल्या मिनिटात गिळलं असेल.

हे मोजायचं कसं? लाळ मोजायची रूढ पद्धत साधी आहे: मान खाली घालून बसायचं, वजन केलेल्या नळीत लाळ आपोआप ओघळू द्यायची, पाच ते पंधरा मिनिटांनी परत वजन करायचं. पण ओठ मिटून जीभ वर ठेवलेल्या माणसाची लाळ ओघळणार कशी? कापसाचा बोळा ठेवला तर बोळाच ग्रंथींना चेतवतो. एक मार्ग असा: ठरावीक वेळ जीभ त्या जागी ठेवायची, गिळायचं नाही, आणि शेवटी सगळं एकदम नळीत थुंकायचं. दुसरा मार्ग लाळ सोडून गिळण्याची संख्या मोजायचा, हनुवटीखाली इलेक्ट्रोड लावून स्नायूंचे विद्युत संकेत टिपायचे. पण जीभ वर उचलणारे स्नायूही तिथेच आहेत, त्यामुळे नुसती जीभ वर ठेवली तरी रेष उंचावते. म्हणून गळ्याला छोटा मायक्रोफोन हवा, गिळल्याचा आवाज आणि स्नायूची उसळी दोन्ही एकदम दिसले तरच एक गिळणं मोजायचं. पद्धतीचा अर्धा धडा या एका अडचणीत आहे.

प्रसिद्ध झालेलं काम थोडं आहे, आणि एकमेकांशी जुळत नाही. तीन निबंध तरी वाचाच.

२००९ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी जीभ टाळूला आणि जीभ तोंडाच्या तळाला अशा स्थितींची तुलना केली. जीभ वर असताना कानशिलाच्या आणि हनुवटीखालच्या स्नायूंची हालचाल जास्त दिसली, आणि हृदयगतीतली चढउतार कमी झाली. हृदयगतीत जास्त चढउतार म्हणजे शरीर निवांत असं ढोबळपणे मानतात, म्हणजे निष्कर्ष ‘जीभ वर ठेवल्याने शांत वाटतं’ याच्या उलट गेला! चीगोंगवर प्रेम असलेल्यांनी हा निबंध टाळू नये आणि चीगोंगची टिंगल करणाऱ्यांनी तो मिरवू नये. हनुवटीखालचे स्नायू जास्त चालणारच, जीभ तेच उचलतात. हृदयगतीचा मुद्दा जास्त बोलका आहे, पण ती श्वासाच्या वेगावर फार अवलंबून असते, आणि चीगोंगमध्ये जीभ कधी एकटी नसते, सोबत संथ श्वास असतो.

२०१३ चा दि विको आणि सहकाऱ्यांचा निबंध स्वतःच्या शीर्षकातच स्वतःला अत्यंत आश्चर्यकारक प्राथमिक अभ्यास म्हणवतो. जिभेच्या तीन जागा घेऊन त्यांनी यंत्रावर गुडघ्याची ताकद मोजली, आणि गुडघा वाकवताना एका वेगाला दोन जागांमध्ये जवळपास ३० टक्के फरक सापडला. कुंग फूच्या मंडळींना हा आकडा फार आवडतो. पण सहभागी अगदी थोडे, आणि वाकवणं, सरळ करणं, वेगवेगळे वेग, तीन जागा अशा पुष्कळ तुलना. इतक्या तुलनांत एखादी योगायोगानेही चमकते. शीर्षकातला ‘प्राथमिक’ हा शब्द लेखकांनी जबाबदारीने घातलाय, तो आपण वाचताना गाळू नये.

२०१५ मधला अलघादिर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास माझ्या कामाच्या जवळचा, कारण उभं राहताना शरीराचा तोल कसा राहतो यावरच मी पीएचडी करते आहे. शंभराहून जास्त निरोगी पुरुष, घट्ट आणि मऊ पृष्ठभाग, डोळे उघडे आणि मिटलेले. मऊ पृष्ठभागावर डोळे मिटून उभं राहताना, जीभ वरच्या दातांमागे टेकवली तर शरीराचं डोलणं कमी झालं. चीगोंगमध्ये उभं राहून करायचे प्रकार किती आहेत बघा, आणि हे किती चपखल बसतं! तरीही मला एक गोष्ट खटकते. तुलना होती जबड्याच्या नेहमीच्या स्थितीशी, म्हणजे काहीही न सांगता उभं राहण्याशी. एका वेळी सूचना आहे, दुसऱ्या वेळी नाही. डोलणं जिभेच्या जागेमुळे कमी झालं की लक्ष द्यायला एक छोटंसं काम मिळालं म्हणून? तोल राखण्यापासून लक्ष थोडं दुसरीकडे गेलं की माणूस बरेचदा जास्त स्थिर उभा राहतो, हे आमच्या क्षेत्रात अनेकदा दिसतं.

म्हणून मी हा प्रयोग आखला तर तुलनेच्या गटालाही जिभेचं काम देईन: टोक खालच्या दातांच्या मागे टेकवा. तितकंच सोपं, तितकंच लक्ष मागणारं, फक्त परंपरेत नसलेलं. प्रत्येक सहभागी सगळ्या जागा करेल, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल. चीगोंग न केलेले लोक घेईन, आणि तरीही सुरुवातीला विचारीन की कोणत्या जागेने तोल सुधारेल असं वाटतं. कारण ज्याला आधीच माहीत आहे त्याच्या शरीरालाही माहीत असतं. मुख्य मापन एकच, आधीच नोंदवून ठेवलेलं. बाकी सगळं ‘शोधता शोधता सापडलेलं’ या मथळ्याखाली.

सूचना कशी द्यायची याचं उत्तर मात्र आपल्याला आयतं मिळालंय. ‘जीभ टाळूला लावा’ म्हटलं तर दहा जण दहा जागी लावतील. मराठी सहभागींना नुसतं अक्षर सांगा. ‘चमचा’मधला च म्हणायला जा आणि थांबा, ‘चहा’मधला च म्हणायला जा आणि थांबा: जीभ दोन वेगळ्या ठिकाणी टेकलेली सापडेल. ‘ट’ला ती आणखी मागे जाते. चीगोंगच्या शाखांमध्ये जागेवरून मतभेद आहेतच, काही हिरडीपाशी म्हणतात, काही आणखी मागे. ते मतभेद तुम्ही अक्षरांनी पकडू शकता, आणि सहभागीला आरशाची गरज पडत नाही.

लढाईपुरतं बोलायचं तर एक साधं कारण राहिलंच. तोंड मिटलेलं आणि जीभ दातांच्या मागे असेल तर पडताना किंवा हनुवटीवर फटका बसताना ती दातांत सापडत नाही. पण दम लागला की हे सगळं मोडतं. मिनिटाला ३५ ते ४० लिटर हवा लागायला लागली की बहुतेक माणसं तोंडानेही श्वास घेऊ लागतात, आणि जीभ खाली येते. म्हणून ही सूचना संथ सरावाची आहे, जोरदार झुंजीत ती पाळली जाते का हा वेगळा प्रश्न. समाजमाध्यमांवरचं ‘म्यूइंग’ मी मुद्दाम बाजूला ठेवतेय. जीभ वर दाबून मोठ्या माणसाचा जबडा नव्याने घडतो या दाव्याला चांगला पुरावा नाही, आणि दाबून दाबून जबडा दुखवून घेतलेल्याला तुमच्या प्रयोगात घेऊही नये. सहभागी निवडताना जबड्याचं दुखणं, रात्री दात खाणं आणि तोंड कोरडं करणारी औषधं हे तीन प्रश्न विचाराच.

लाळेच्या प्रयोगाला खर्च फार नाही. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा बहुतेक प्रयोगशाळांत असतो, नळ्या स्वस्त, आणि पहिल्या चाचणीला दहा-बारा जण पुरतात. वेळ मात्र सगळ्यांसाठी दिवसातली एकच ठेवा, कारण लाळ दिवसभरात कमीजास्त होते. आणि दोन तास आधीपासून काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही, हे संमतीपत्रातच लिहा. सर्वांत जास्त गळती तिथेच होईल.